मेंदूच्या गंभीर दुखापतीवरील शीतनोपचार आणि शामकोपचार

मेंदूच्या गंभीर दुखापतीवरील शीतनोपचार आणि शामकोपचार हे अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णांवर केले जाणारे दोन परस्परसंबद्ध उपचार आहेत. शीतनोपचारात रुग्णाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या नैसर्गिक पातळीवरून हेतुपुरस्सर खाली, बहुधा ३२ ते ३५ अंशांदरम्यान आणून काही काळ तेथे स्थिर ठेवले जाते. शामकोपचारात शिरेवाटे औषधे देऊन रुग्णाला नियंत्रित गुंगीत ठेवले जाते. वृत्तपत्रांत ज्या अवस्थेला 'कृत्रिम कोमा' म्हणतात, ती या शामकोपचाराचीच एक खोल पायरी होय. मोटारशर्यतपटू मिखाएल शूमाकर २०१३ च्या डिसेंबरमध्ये स्कीइंग करताना जखमी झाल्यावर त्यांना फ्रान्समधील ग्रेनोबल येथे हे दोन्ही उपचार दिले गेले, तेव्हा या संज्ञा जगभर सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचल्या.

दोन्ही उपचारांचा हेतू एकच असतो: जखमी मेंदूची प्राणवायूची गरज कमी करणे आणि कवटीतील दाब उतरवणे. तथापि त्यांची वाटचाल वेगवेगळ्या दिशांनी झाली. शामकोपचार हा आजही या रुग्णांच्या देखभालीचा पाया आहे. शीतनोपचाराविषयी मात्र एकेकाळी मोठी आशा होती. पुढे मोठ्या वैद्यकीय चाचण्यांतून असे दिसून आले की, शरीर थंड केल्याने कवटीतील दाब उतरतो, परंतु त्यामुळे अधिक रुग्ण वाचतात किंवा बरे होऊन हिंडूफिरू लागतात असे नाही. काही चाचण्यांत तर थंड केलेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट आढळली.

दुखापतीचे स्वरूप

डोक्याला मार लागल्यावर रुग्णाची शुद्ध किती हरपली आहे, हे मोजण्यासाठी 'ग्लासगो कोमा स्केल' ही मोजपट्टी वापरली जाते. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ती मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे या तीन प्रतिसादांना गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. पूर्ण शुद्धीतील माणसाचे गुण १५, तर कोणताही प्रतिसाद न देणाऱ्याचे ३ होतात. ८ किंवा त्याहून कमी गुण असल्यास दुखापत गंभीर समजतात. असा रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग मोकळा ठेवू शकेल याची खात्री नसते, त्यामुळे त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते.

मेंदूची इजा दोन टप्प्यांत होते. आघाताच्या क्षणी चेतापेशी, त्यांचे तंतू आणि रक्तवाहिन्या तुटतात, ती प्राथमिक इजा. ती घडून गेलेली असते आणि कोणत्याही औषधाने परत फिरवता येत नाही. त्यानंतरच्या काही तासांत आणि दिवसांत सूज, रक्तस्राव, रक्तदाबातील घट, प्राणवायूचा तुटवडा, ताप आणि आकडी यांमुळे शाबूत उरलेल्या पेशीही मरू लागतात. ही दुय्यम इजा होय. अतिदक्षता विभागातील सारी धडपड ही दुय्यम इजा रोखण्यासाठी असते.

प्रौढ माणसाच्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असतो, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. प्राणवायूचा साठा मात्र त्याच्यापाशी जवळजवळ नसतो, म्हणून रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाला तरी कायमची हानी होते. त्यात भर म्हणजे मेंदू हाडांच्या बंद पेटीत असतो. या पेटीत मेंदूची ऊती, रक्त आणि मेंदूजल असे तीन घटक असतात. त्यांपैकी एकाचे आकारमान वाढले, तर दुसऱ्या दोघांना जागा सोडावी लागते. ती सोडण्याची मर्यादा संपली की दाब झपाट्याने चढतो. अलेक्झांडर मन्रो आणि जॉर्ज केली या स्कॉटिश वैद्यांच्या नावांवरून या विचाराला मन्रो-केली सिद्धांत म्हणतात.

निरोगी प्रौढात आडव्या स्थितीत कवटीतील दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. अमेरिकेतील 'ब्रेन ट्रॉमा फाउंडेशन'च्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो २२ च्या वर गेल्यास उपचार करावेत. धमनीतील सरासरी रक्तदाबातून कवटीतील दाब वजा केला की मेंदूचा रक्तपुरवठा दाब मिळतो. तो ६० ते ७० मिलिमीटर पारा इतका राखण्याचा प्रयत्न असतो. या वजाबाकीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. एखाद्या उपचाराने कवटीतील दाब ५ ने उतरला आणि त्याच वेळी धमनीतील रक्तदाब १५ ने घसरला, तर मेंदूला मिळणारे रक्त वाढण्याऐवजी घटते. शीतन आणि शमन या दोन्ही उपचारांचे बरेचसे गुणदोष या एका हिशेबाने समजतात.

उपचारांमागील तत्त्व

शरीराचे तापमान १ अंशाने उतरले की मेंदूचा चयापचय सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी मंदावतो. गरज कमी झाली की रक्तप्रवाहही त्याच प्रमाणात घटतो, कवटीतील रक्ताचे आकारमान कमी होते आणि दाब उतरतो. याशिवाय थंडीमुळे चेतापेशींना उत्तेजित करून मारणाऱ्या ग्लुटामेटसारख्या द्रव्यांचा स्राव, दाहप्रक्रिया आणि पेशींचा नियोजित मृत्यू यांनाही आळा बसतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

शामक औषधे त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोहोचतात. ती चेतापेशींचे विद्युत कार्य मंद करतात. वेदना, खोकला, घशातील नळीचा त्रास आणि व्हेंटिलेटरशी होणारी झटापट यांमुळे छातीतील दाब वाढतो आणि डोक्यातील अशुद्ध रक्त खाली उतरण्यास अडथळा होतो. रुग्ण शांत झाला की हा अडथळा दूर होतो. काही शामके आकडीलाही प्रतिबंध करतात.

दोन्ही उपचारांत एक फरक आहे. शामके मुख्यतः पेशीच्या क्रियाशीलतेसाठी लागणारी ऊर्जा वाचवतात. पेशी केवळ जिवंत राहण्यासाठी जी किमान ऊर्जा वापरते, तिच्यावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. थंडी मात्र दोन्ही खर्चांत कपात करते. शीतनोपचाराविषयीच्या आशेचे मूळ या फरकात होते.

शामकोपचार

वेदनाशमन आणि गुंगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून बहुधा एक वेदनाशामक आणि एक शामक अशी औषधांची जोडी दिली जाते. वेदनेसाठी फेंटानिल, मॉर्फिन यांसारखी अफूवर्गीय औषधे वापरतात. ती एकदम मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तदाब घसरतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावून कवटीतील दाब उलट वाढू शकतो. त्यामुळे ती पंपाद्वारे संथ गतीने देणे श्रेयस्कर मानले जाते.

प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे, स्निग्ध पायस स्वरूपातील औषध आहे. त्याचा परिणाम लवकर सुरू होतो आणि थांबवल्यावर लवकर ओसरतो, त्यामुळे मध्येच गुंगी कमी करून रुग्णाची तपासणी करता येते. मात्र दर किलोग्रॅम वजनाला ताशी ४ ते ५ मिलिग्रॅमहून अधिक मात्रा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ दिल्यास 'प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम' हा दुर्मीळ पण प्राणघातक विकार होऊ शकतो. त्यात रक्ताची आम्लता वाढते, स्नायूंचा नाश होतो आणि हृदय निकामी होते. हे औषध स्निग्ध द्रवात असल्यामुळे त्यातून मिळणारे उष्मांकही आहाराच्या हिशेबात धरावे लागतात.

मिडाझोलॅम रक्तदाबाला तुलनेने सौम्य असते, पण अनेक दिवस दिल्यास शरीरात साठते आणि बंद केल्यानंतरही रुग्ण जागा होण्यास बराच वेळ लागतो. केटामीनमुळे कवटीतील दाब वाढतो, अशी समजूत अनेक वर्षे होती आणि त्यामुळे या रुग्णांत ते टाळले जाई. व्हेंटिलेटरवरील आणि इतर शामके चालू असलेल्या रुग्णांच्या नंतरच्या अभ्यासांत ही समजूत टिकली नाही. डेक्समेडेटोमिडिन हे श्वसन फारसे न दडपणारे शामक आहे, परंतु त्याने नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरू शकतो.

इतर उपाय थकल्यावर बार्बिट्युरेट वर्गातील थायोपेंटाल किंवा पेंटोबार्बिटाल ही औषधे मोठ्या मात्रेत दिली जातात. मेंदूच्या विद्युत आलेखावर काही सेकंद सपाट रेषा आणि मध्येच तरंगांचा झुबका असे चित्र दिसू लागेपर्यंत मात्रा वाढवतात. खऱ्या अर्थाने 'बार्बिट्युरेट कोमा' म्हणतात तो हाच. या औषधांच्या बाबतीत दोन चाचण्या मार्गदर्शक ठरल्या. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५३ रुग्णांपैकी काहींना दाब वाढण्याची वाट न पाहता प्रतिबंधक उपाय म्हणून पेंटोबार्बिटाल देण्यात आले. लाभ दिसला नाही, आणि रक्तदाब घसरण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ५४ टक्के, तर इतरांत ७ टक्के होते. १९८८ मधील ७३ रुग्णांच्या चाचणीत मात्र इतर उपायांना दाद न देणारा दाब बार्बिट्युरेटमुळे आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. त्यामुळे हे औषध सरसकट न देता शेवटच्या पायरीवर, रक्तदाब सांभाळूनच द्यावे, असा संकेत रूढ झाला.

गुंगीची खोली ठरवताना नेहमी एक द्वंद्व असते. रुग्णाला मधूनमधून जागे करून 'हात दाबा', 'डोळे उघडा' असे सांगणे ही मेंदूची स्थिती जाणण्याची सर्वांत साधी आणि विश्वासार्ह रीत आहे. खोल गुंगीत ती हातची जाते. तेव्हा बाहुलीचा आकार व प्रकाशाला तिचा प्रतिसाद, कवटीतील दाबाची नोंद, विद्युत आलेख आणि सीटी स्कॅन यांवर विसंबावे लागते. दुसरीकडे, दाब काठावर असताना गुंगी थांबवली तर खोकला व अस्वस्थता यांनी तो एकाएकी उसळू शकतो. म्हणून इतर अतिदक्षता रुग्णांत रोज सकाळी गुंगी थांबवून पाहण्याची जी पद्धत आहे, ती या रुग्णांना जशीच्या तशी लागू केली जात नाही.

शीतनोपचाराची पद्धती

शीतनाचे तीन टप्पे असतात: तापमान उतरवणे, ते स्थिर राखणे आणि शरीर पुन्हा उबदार करणे. तापमान उतरवण्यासाठी काखेत व जांघेत बर्फाच्या पिशव्या, थंड पाणी खेळवलेल्या गाद्या व पट्ट्या, ४ अंशांपर्यंत गार केलेले सलाईन किंवा मोठ्या शिरेत बसवलेली आणि आतून थंड द्रव फिरवणारी नळी यांचा वापर होतो. तापमान मोजण्यासाठी काखेतील तापमापक पुरेसा नसतो. अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात संवेदक ठेवतात. काही केंद्रांत मेंदूचेच तापमान मोजले जाते, आणि ते बहुधा उर्वरित शरीरापेक्षा किंचित अधिक असते.

शरीर या थंडीला विरोध करते. तापमान उतरू लागताच हुडहुडी भरते. स्नायूंच्या या थरथरीने उष्णता निर्माण होते, प्राणवायूचा खप दुपटीनेही वाढू शकतो आणि ज्या कारणासाठी शीतन केले ते कारणच निष्फळ ठरते. शीतन आणि शमन हे उपचार एकमेकांपासून अलग करता येत नाहीत ते याच कारणाने. जागा माणूस ३३ अंशांवर राहू शकत नाही, त्याला तेथे ठेवण्यासाठी गुंगी द्यावीच लागते. हुडहुडीची तीव्रता ० ते ३ अशा गुणांनी मोजतात. चेहरा व हात उबदार ठेवणे, मॅग्नेशियम, पेथिडीन, शामकांची वाढीव मात्रा आणि अखेरीस स्नायू शिथिल करणारी औषधे अशा क्रमाने ती आवरली जाते. स्नायू शिथिल केलेल्या रुग्णाला आकडी आली तरी ती बाहेरून दिसत नाही, म्हणून विद्युत आलेखावर सतत लक्ष ठेवावे लागते.

पुन्हा उबदार करण्याचा टप्पा सर्वांत जोखमीचा समजला जातो. घाई केल्यास रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब घसरतो आणि कवटीतील दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. म्हणून ताशी सुमारे ०.२५ अंश इतक्या मंद गतीने तापमान वाढवले जाते. या हिशेबाने ३३ वरून ३७ अंशांवर येण्यास १६ तास लागतात.

दुष्परिणाम

थंडीचा परिणाम केवळ मेंदूवर न होता सर्व अवयवांवर होतो. ३५ अंशांखाली रक्त गोठण्याची क्रिया मंदावू लागते. अपघातातील रुग्णाच्या मेंदूत किंवा पोटात आधीच रक्तस्राव चालू असेल, तर ही बाब घातक ठरू शकते. पांढऱ्या पेशींचे कार्य दडपले जाऊन जंतुसंसर्गाची, विशेषतः न्यूमोनियाची शक्यता वाढते. मूत्राचे प्रमाण वाढून शरीरातील पाणी कमी होते. पोटॅशियम पेशींत शिरल्याने रक्तातील त्याचे प्रमाण उतरते आणि पुन्हा उबदार करताना एकदम चढते. नाडी मंदावते, आणि ३० अंशांखाली हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने अनियमित होण्याचा धोका असतो. इन्सुलिनचा परिणाम कमी होऊन रक्तशर्करा वाढते.

दोन परिणाम सहज नजरेआड होतात. पहिला असा की, थंड शरीरात कार्बन डायऑक्साइड कमी तयार होतो. व्हेंटिलेटरची गती पूर्वीचीच ठेवली तर तो रक्तातून प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तपुरवठा तुटतो. दुसरा असा की, यकृताचे काम मंदावल्याने शामके शरीरात साठत जातात. नेहमीच्या मात्रेने रुग्ण अपेक्षेहून खोल गुंगीत जातो आणि अधिक काळ तेथे राहतो.

इतिहास

थंडीचा मृत्यूशी असलेला गुंतागुंतीचा संबंध वैद्यांना पूर्वीपासून जाणवला होता. नेपोलियनचे शल्यचिकित्सक दोमिनिक लॅरे यांनी १८१२ च्या रशियावरील मोहिमेत असे टिपले की, शेकोटीजवळ ठेवलेले गारठलेले जखमी सैनिक इतरांपेक्षा लवकर दगावतात. आधुनिक शीतनोपचाराचा आरंभ अमेरिकी चेताशल्यविशारद टेंपल फे यांच्यापासून मानला जातो. त्यांनी १९३८ पासून फिलाडेल्फिया येथे प्रथम कर्करोगाच्या आणि पुढे डोक्याच्या दुखापतीच्या रुग्णांचे तापमान उतरवण्याचे प्रयोग केले. दुसऱ्या महायुद्धात डाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाळ पाण्यात बुडवून केलेल्या अमानुष प्रयोगांमुळे या विषयालाच कलंक लागला.

१९५० च्या सुमारास टोरांटो येथील विल्फ्रेड बिगेलो यांनी हृदयशस्त्रक्रियेसाठी शीतनाची कल्पना मांडली. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी शीतनाच्या साहाय्याने एका लहान मुलीच्या हृदयाचे छिद्र बंद केले. याच काळात फ्रान्समध्ये आंरी लाबोरी आणि पियेर ह्युगेनार यांनी क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडीन या औषधांचे मिश्रण देऊन शरीराची थंडीविरुद्धची प्रतिक्रिया बोथट करण्याची आणि मग रुग्णाला गार करण्याची पद्धत विकसित केली. तिला त्यांनी 'कृत्रिम शीतनिद्रा' असे नाव दिले. शीतन आणि शमन यांची सांगड हेतुपूर्वक घातली गेली ती येथे. ह्यूबर्ट रोझोमॉफ यांनी १९५४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून थंडीमुळे मेंदूचा रक्तप्रवाह व प्राणवायूचा खप घटतो हे मोजून दाखवले.

स्वीडनमधील निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये कवटीतील दाबाची सलग नोंद घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे उपचारांचा परिणाम मोजता येऊ लागला. त्याच दशकात मात्र शीतन मागे पडले. त्या काळी शरीर अनेकदा ३० अंशांखाली नेले जाई आणि गुंतागुंती असह्य ठरत. १९८७ मध्ये मायामी येथील बुस्टो, डीट्रिच, गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, मेंदूच्या तापमानातील काही अंशांच्या फरकानेही रक्तपुरवठा तुटल्यावर होणारी हानी बरीच कमी-अधिक होते. खोल शीतनाऐवजी सौम्य शीतन पुरेसे असेल, या विचाराने विषयाला नवे जीवन मिळाले.

मेंदूच्या दुखापतीवरील प्रमुख चाचण्या

१९९७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील डोनाल्ड मॅरियन आणि सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. २४ तास ३२ ते ३३ अंशांवर ठेवलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे कोमा स्केलवरील गुण ५ ते ७ होते, त्यांच्यात पहिल्या ६ महिन्यांत सुधारणा अधिक दिसली. एका केंद्रातील या उत्साहवर्धक निष्कर्षाची मोठ्या प्रमाणावर पडताळणी सुरू झाली.

२००१ मध्ये गाय क्लिफ्टन यांच्या नेतृत्वाखालील ३९२ रुग्णांच्या बहुकेंद्री चाचणीत ४८ तास ३३ अंशांवर शीतन केले गेले. दोन्ही गटांत ५७ टक्के रुग्णांचा परिणाम प्रतिकूल राहिला, आणि मृत्यूचे प्रमाण शीतन गटात २८, तर दुसऱ्या गटात २७ टक्के होते. २००८ मध्ये कॅनडा, ब्रिटन आणि फ्रान्स या देशांतील २२५ मुलांच्या चाचणीत शीतन केलेल्या मुलांपैकी ३१ टक्के, तर न केलेल्यांपैकी २२ टक्के मुलांचा परिणाम प्रतिकूल ठरला. पुन्हा उबदार करतानाच्या काळात रक्तदाब घसरण्याचे प्रसंगही शीतन गटात अधिक होते.

पीटर अँड्रूज यांच्या नेतृत्वाखालील 'युरोथर्म' चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. १८ देशांतील ४७ केंद्रांत, कवटीतील दाब २० च्या वर गेलेल्या ३८७ रुग्णांचा तिच्यात समावेश होता. शीतन गटात दाब आटोक्यात राहिला. बार्बिट्युरेट किंवा कवटी उघडण्यासारख्या तिसऱ्या पायरीच्या उपचारांची गरज त्या गटात ४४ टक्के, तर दुसऱ्या गटात ५४ टक्के रुग्णांना पडली. तरीही ६ महिन्यांनी चांगली स्थिती गाठलेल्यांचे प्रमाण शीतन गटात २५.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ३६.५ टक्के होते. शीतनामुळे अपाय होत असल्याच्या शंकेवरून ही चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली.

शीतन उशिरा सुरू झाल्याने गुण येत नसावा, हा एक आक्षेप उरला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पोलार' चाचणीने त्याची तपासणी केली. ५११ रुग्णांच्या या चाचणीत शीतन शक्य तितक्या लवकर सुरू करून किमान ३ आणि गरजेनुसार ७ दिवसांपर्यंत चालू ठेवले गेले. ६ महिन्यांनी अनुकूल परिणामाचे प्रमाण शीतन गटात ४८.८ आणि दुसऱ्या गटात ४९.१ टक्के, म्हणजे जवळजवळ समान होते.

दाब उतरूनही लाभ न दिसण्याची कारणे

या विसंगतीची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. प्रयोगशाळेत एकसारख्या उंदरांना एकसारखी इजा करून काही मिनिटांत थंड करता येते. अपघातातील माणसांच्या इजा मात्र परस्परांहून अगदी भिन्न असतात आणि लक्ष्य तापमान गाठण्यास कित्येक तास जातात. शीतनाचा जो लाभ मेंदूला होत असेल, तो न्यूमोनिया, रक्तदाबातील घट, रक्तस्राव आणि वाढलेल्या शामकांच्या मात्रा यांनी पुसला जात असावा. तुटलेल्या चेतातंतूंवर तापमानाचा इलाज चालत नाही, हेही खरे आहे.

आणखी एक कारण मापनपद्धतीशी निगडित आहे. कवटीतील दाब हे एक दर्शक चिन्ह आहे. ते मोजणे सोपे असल्याने उपचाराचे यश त्यावरून ठरवण्याचा मोह होतो. रुग्णाच्या दृष्टीने यश म्हणजे ६ महिन्यांनी तो स्वतः जेवू शकतो का, आपल्या माणसांना ओळखतो का, कामावर परततो का, हे होय. आकडा सुधारला म्हणून माणूस सुधारेलच असे नाही, ही गोष्ट या क्षेत्रात याआधीही दिसली होती. सूज उतरवण्यासाठी पूर्वी सर्रास दिली जाणारी स्टेरॉइड औषधे 'क्रॅश' या १०,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण वाढवणारी ठरली आणि २००४ नंतर त्यांचा वापर थांबला.

इतर प्रकारच्या मेंदूइजांतील शीतन

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या, पण शुद्धीवर न आलेल्या रुग्णांत २००२ मधील युरोप व ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांनी शीतनाचा लाभ दाखवला होता आणि ते जगभर रूढ झाले. २०१३ मधील ९३९ रुग्णांच्या चाचणीत ३३ आणि ३६ अंश यांत फरक आढळला नाही. २०२१ मधील सुमारे १,९०० रुग्णांच्या चाचणीत ३३ अंशांचे शीतन आणि केवळ ताप टाळणे यांची तुलना झाली. ६ महिन्यांत मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५० आणि ४८ टक्के होते. त्यानंतर शीतनापेक्षा तापप्रतिबंधावर भर दिला जाऊ लागला.

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या नवजात बालकांत मात्र शीतन उपकारक ठरले आहे. २००५ पासूनच्या चाचण्यांच्या आधारे श्रीमंत देशांत ३३.५ अंशांवर ७२ तास शीतन हा प्रमाणित उपचार झाला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील ४०८ बालकांवरील 'हेलिक्स' चाचणीत मात्र निराळे चित्र दिसले. मुंबईतील सायन येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय हे तिच्या केंद्रांपैकी एक होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शीतन केलेल्या बालकांपैकी ४२ टक्के, तर न केलेल्यांपैकी ३१ टक्के बालके दगावली. एका प्रदेशात सिद्ध झालेला उपचार दुसऱ्या प्रदेशात तपासल्याशिवाय स्वीकारू नये, याचे हे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

सद्यःस्थिती

'ब्रेन ट्रॉमा फाउंडेशन'च्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुखापतीनंतर लगेच, प्रतिबंधक हेतूने अल्पकाळ शीतन करण्याची शिफारस नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे तज्ज्ञांच्या सहमतीने कवटीतील वाढत्या दाबावरील उपचारांच्या तीन पायऱ्या निश्चित करण्यात आल्या. त्यांत शामके व वेदनाशामके अगदी पायाशी आहेत. सौम्य शीतन तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पायरीवर, बार्बिट्युरेट आणि कवटीचे हाड काढण्याची शस्त्रक्रिया यांच्यासोबत आहे, आणि तेही केवळ ३५ ते ३६ अंशांपर्यंत.

ताप टाळण्याबाबत मात्र फारसे दुमत नाही. जखमी मेंदूला तापामुळे अधिक हानी पोहोचते. त्यामुळे ताप येऊ न देणे, आल्यास त्याचे कारण शोधणे आणि तापमान नैसर्गिक पातळीवर राखणे याला 'तापमान नियंत्रण' म्हणतात, आणि अनेक केंद्रांत शीतनाची जागा त्याने घेतली आहे. यासाठी महागड्या यंत्रांची नेहमीच गरज नसते. डोक्याची बाजू ३० अंशांच्या कोनात उंच ठेवणे, मान सरळ ठेवणे, रक्तदाब व प्राणवायू घसरू न देणे, पुरेशी गुंगी आणि वेदनाशमन या साध्या गोष्टी काटेकोरपणे करणे, हेच या उपचारांचे सार आहे.

निदान आणि निर्णयांवरील परिणाम

थंड आणि गुंगीतील रुग्णाची तपासणी फसवी असते. ३२ अंशांच्या आसपास बाहुलीचा प्रतिसाद मंदावतो. मोठ्या मात्रेतील बार्बिट्युरेटमुळे विद्युत आलेख पूर्ण सपाट होऊ शकतो आणि जिवंत मेंदू मृतासारखा दिसू शकतो. म्हणून मस्तिष्कस्तंभ मृत्यू घोषित करण्यापूर्वी शामके, स्नायू शिथिल करणारी औषधे आणि शरीराची थंडी यांचा प्रभाव नाही, याची खात्री करणे सर्वत्र बंधनकारक समजले जाते. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ ही तपासणी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा करते, आणि विहित नमुन्यात या कारणांचा स्वतंत्र उल्लेख आहे. हा कायदा आरंभी महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला होता.

हाच विचार भवितव्याच्या अंदाजालाही लागू होतो. गुंगी थांबवली त्याच दिवशी रुग्ण जागा झाला नाही, याचा अर्थ तो कधीच जागा होणार नाही असा होत नाही. मिडाझोलॅम किंवा बार्बिट्युरेट अनेक दिवस दिलेले असेल, यकृत वा मूत्रपिंड दुर्बल असेल किंवा शीतन झाले असेल, तर औषध शरीरातून जाण्यास कित्येक दिवस लागू शकतात. उलट, औषधाने आणलेली शांतता आणि इजेने आलेली बेशुद्धी बाहेरून सारखीच दिसते. त्यामुळे 'डॉक्टरांनी झोपवून ठेवले आहे' या समजुतीने नातेवाईक इजेची तीव्रता कमी लेखण्याचीही शक्यता असते. कोणती औषधे, किती दिवस, कोणत्या हेतूने दिली जात आहेत आणि ती थांबवल्यावर किती काळ वाट पाहावी लागेल, याची स्पष्ट माहिती नातेवाइकांना मिळणे हा या उपचारांचा आवश्यक भाग समजला जातो.

हेही पाहा

ग्लासगो कोमा स्केल
मस्तिष्कस्तंभ मृत्यू
अतिदक्षता विभाग
भूलशास्त्र
कृत्रिम श्वसनयंत्र